न्वार गोष्ट मोबाइलवर कशी करायची: मुंबईतल्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी

मास मीडियाला असाल, मराठी वाङ्मयाला असाल किंवा नुसतंच हौस म्हणून करत असाल, डिजिटल स्टोरीटेलिंगच्या (म्हणजे आवाज, फोटो, व्हिडिओ वापरून मोबाइल-कॉम्प्युटरवर गोष्ट सांगण्याच्या) प्रोजेक्टला न्वार, म्हणजे गुन्ह्याकडे ओढल्या गेलेल्या साध्या माणसाची अंधारी गोष्ट, घ्यायचं ठरलं की पहिलं काय होतं माहितीय का, सगळे टोपी आणि ओव्हरकोट शोधायला लागतात. मग कुणाच्या तरी काकांचा जुना कोट येतो, सिगरेट येते, फोटोवर काळापांढरा फिल्टर पडतो, मागे सॅक्सोफोन वाजतो आणि गोष्ट कुठेच नसते. मला हा प्रकार मनापासून आवडतो, कॉलेजात ज्युनियर्सना त्यात मदत करत असते, म्हणून म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहून काढू, अगदी काहीच माहिती नसलेल्यापासून ते फाइल एक्सपोर्ट करेपर्यंत. मोबाइल, माइकवाले इअरफोन आणि कॉलेजच्या लॅबमधला किंवा मित्राचा एखादा कॉम्प्युटर एवढं पुरतं.

पहिली पायरी: न्वार म्हणजे काय ते आधी पक्कं करा

इथे घाई करू नका, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम आपोआप होतं. अमेरिकेत १९२० साली ‘ब्लॅक मास्क’ नावाचं एक स्वस्त मासिक सुरू झालं, त्यात हळूहळू गुन्हेगारीच्या वेगळ्याच गोष्टी यायला लागल्या. त्यातला एक मोठा लेखक डॅशिएल हॅमेट, तो आधी स्वतः पिंकर्टन एजन्सीत डिटेक्टिव्ह म्हणून नोकरी केलेला माणूस, त्यामुळे त्याच्या गोष्टीत गुन्हा हे कोडं नसतंच, ते रोजचं काम असतं, त्यात पैसे असतात, थकवा असतो, खोटं बोलणारे गिऱ्हाईक असतात. १९४० च्या दशकात हेच हॉलिवूडमध्ये पडद्यावर आलं आणि १९४६ च्या सुमाराला फ्रेंच समीक्षकांनी त्याला न्वार हे नाव दिलं, काढणाऱ्यांना तोवर पत्ताही नव्हता की आपण न्वार काढतोय.

त्या सिनेमांतला तो तिरका प्रकाश, लांब सावल्या वगैरे जे आहे ते बरंचसं जर्मनीतून आलेल्या लोकांनी नेलेलं. आणि इथे मुंबईकरांनी जरा थांबावं, कारण जर्मन कॅमेरामन आपल्याकडेही आले होते, थेट मालाडला! बॉम्बे टॉकीज १९३४ साली मालाडला सुरू झाली तेव्हा हिमांशू राय आणि देविका राणींनी जर्मन तंत्रज्ञ बरोबर आणले, त्यातले योसेफ विर्शिंग इथेच राहिले आणि १९४९ च्या ‘महल’चा कॅमेरा त्यांचा. त्यानंतर १९५१ ला गुरुदत्तचा ‘बाजी’, १९५६ ला राज खोसलांचा ‘सीआयडी’, त्याचा कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. म्हणजे हा प्रकार आपल्याला परका अजिबात नाही, आपल्या शहराने तो सत्तर वर्षांपूर्वीच आपला करून टाकलाय. हे तीन सिनेमे आवाज बंद करून एकदा बघा, नुसता प्रकाश कुठून येतोय एवढंच बघा, अर्धा तास बघितलं तरी चालेल.

आता मराठीतली आपली सवय काय आहे, तर रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे नायक घराघरात पोचवले. मला त्या फार प्रिय आहेत, पण त्या न्वार नाहीत आणि हा फरक नवख्यांनी नीट समजून घ्यायला हवा. रहस्यकथेत प्रश्न असतो की कोणी केलं, शेवटी उत्तर मिळतं, गुन्हेगार पकडला जातो आणि जग पुन्हा जागेवर येतं. न्वारमध्ये कोणी केलं ते आपल्याला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं, पुष्कळदा तोच आपल्याला सांगत असतो. तिथे बघायचं असतं की हा कुठपर्यंत जाणार. एक साधा माणूस, त्याची एक खरी गरज, आणि समजून उमजून टाकलेलं एक चुकीचं पाऊल, मग त्या पावलाने ओढत नेलेलं पुढचं सगळं. पाऊस, सावली, टोपी हे सगळं नंतर. गरज सापडली की न्वार सापडलं.

दुसरी पायरी: गरज शोधा, आणि ती मुंबईतली शोधा

माझं अगदी स्पष्ट मत आहे, भाई आणि बंदूक सोडून द्या. ते इतकं झालंय की तुम्ही कितीही चांगलं केलंत तरी बघणाऱ्याला कुठला तरी सिनेमा आठवणार. शिवाय तुमच्यापैकी कितीजणांनी बंदूक जवळून बघितलीय? पण खोलीचं डिपॉझिट, पागडीची खोली, रिडेव्हलपमेंटची मीटिंग, मेसचे थकलेले पैसे, दर अकरा महिन्यांनी बदलणारं भाड्याचं घर, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलायत. या शहरात माणूस सगळ्यात जास्त कशासाठी वाकतो तर जागेसाठी, आणि त्या वाकण्यात न्वारचा अख्खा खजिना आहे.

थोडं मागे जायचं असेल तर इतिहासात पण पुष्कळ सामान पडलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो संपला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही, गिरण्या बंद पडत गेल्या आणि लोअर परळला त्याच जमिनींवर मॉल आणि ऑफिसं उभी राहिली, त्या मधल्या वर्षांत एखाद्या कामगाराच्या मुलाने काय काय केलं असेल. किंवा मटका, जो सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर खेळला जायचा, उघडता भाव आणि बंद भाव, त्यातूनच ओपन आणि क्लोज आलं. किंवा दारूबंदीचा काळ, १९४९ चा कायदा आणि त्यातून जन्माला आलेल्या परमिट रूम, ती पाटी तर आजही शहरभर दिसते. पण पहिली गोष्ट करताय तर आजची करा, कारण जुन्या काळासाठी कपडे, गाड्या, दुकानं सगळं जुळवावं लागतं, ते मोबाइलवर झेपत नाही.

एक उदाहरण घेते आणि शेवटपर्यंत तेच वापरते म्हणजे कळायला सोपं जाईल. मुलुंडकडची एक जुनी तीन मजली सोसायटी समजा, लिफ्ट नाही, वीस फ्लॅट. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, म्हणजे वीसात अकरा. दहा झाल्यात. एक मुलगा आहे, त्याच सोसायटीत राहतो, सोसायटीचा हिशोब बघतो, त्याच्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. नऊ नंबरचे अण्णा चार वर्षं गावाला आहेत, फोन उचलत नाहीत, आणि त्यांची सही असलेलं मेंटेनन्सचं पुस्तक या मुलाकडे आहे. बस. एकही माणूस मेला नाही, कोणी धमकी दिली नाही, पण तुम्हाला कळलं ना आता काय होणार? तुमच्या गोष्टीचं एवढंच आधी चारपाच ओळींत लिहा आणि कुणाला तरी वाचून दाखवा. समोरचा “मग?” म्हणाला तर पुढे जा. “छान आहे” म्हणाला तर गरज बदला.

तिसरी पायरी: रोज थोडा हात चालवा

अमेरिकेतल्या मेरी वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा डीएस१०६ नावाचा डिजिटल स्टोरीटेलिंगचा कोर्स आहे, २०११ पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे, त्यात असाइनमेंट्सची एक मोठी बँक आहे आणि रोज एक छोटं काम देण्याची पद्धत आहे. फुकट आहे, बघून घ्या. पण ते इंग्रजीत आहे म्हणून अडू नका, तीच पद्धत आपण आपली लावू शकतो. आज फक्त तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याचा एक फोटो काढा ज्यात माणूस नाही पण कोणीतरी आत्ताच गेलंय असं वाटतं. उद्या रात्री खिडकीतून येणारे आवाज रेकॉर्ड करा. परवा रिक्षात किंवा लोकलमध्ये कानावर पडलेलं एक वाक्य लिहून ठेवा, बोलणाऱ्याचं नाव गाव न लिहिता. आठवडाभर असं केलं की प्रोजेक्ट सुरू करायच्या आधीच तुमच्याकडे सामान जमा असतं आणि कोऱ्या स्क्रीनसमोर बसायची वेळ येत नाही.

चौथी पायरी: आवाज लिहा

न्वारचा जीव निवेदनात असतो. डिजिटल स्टोरीटेलिंगची जी मूळ पद्धत १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली तीसुद्धा हेच सांगते, सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज, दोनतीन मिनिटं, थोडे फोटो, आणि जे लागत नाही ते काढून टाकणं. मराठीत निवांत बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांच्या गोष्टीला ३०० ते ३५० शब्दांचं स्क्रिप्ट पुरे. सगळे पहिल्यांदा हजार शब्द लिहितात. लिहा, मग कापा.

कसं लिहायचं नाही ते आधी. “मुंबई. पापांचं शहर. इथे रात्र कधीच संपत नाही आणि प्रत्येक सावलीत एक गुन्हा दडलेला असतो.” हे कोणीही, कुठल्याही शहराबद्दल, कधीही लिहू शकतं. मुंबईच्या जागी शिकागो टाका, काही फरक पडत नाही. आता आपल्या मुलाचा आवाज बघा:

“अकरावी सही हवी होती. दहा झाल्या होत्या. बिल्डरचा माणूस रोज साडेसातला यायचा, चपला बाहेर काढायचा, आईला वाकून नमस्कार करायचा. आईच्या गुडघ्यांकडे बघून म्हणायचा, लिफ्ट असती तर. दुसरं काही बोलायचा नाही. अण्णांचं मेंटेनन्सचं पुस्तक माझ्याकडेच होतं. सोपी सही होती त्यांची, मोठा अ आणि पुढे नुसती रेघ. मी ती पहिल्यांदा जुन्या पेपरवर करून बघितली. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा केली तेव्हा मला माझी आणि अण्णांची वेगळी करता येईना.”

यात काय काय केलंय बघा. वाक्यं छोटी आहेत. मनात काय चाललंय ते तो सांगतच नाही, तो फक्त काय झालं ते सांगतो, आणि त्यामुळेच आपल्याला त्याच्या मनातलं कळतं. धमकीसुद्धा नमस्कारातून येते, आणि हे खास आपल्याकडचं आहे, इथे दबाव टाकणारा माणूस आवाज चढवत नाही, तो पाणी मागतो, आईची चौकशी करतो, “बघा काय ते, तुम्ही घरचेच” म्हणतो. तुमच्या ओळखीत असं गोड बोलून काम करून घेणारा कोणीतरी असेलच, त्याच्या बोलण्याचा ढंग आठवा (नाव नको).

भाषा तुमचीच ठेवा. आगरी बोलत असाल तर आगरी, मालवणी असेल तर मालवणी, हिंदी मधे मधे येत असेल तर येऊ दे, मुंबईत दोन मराठी माणसं पण टॅक्सीवाल्यासमोर आपसात हिंदीत बोलायला लागतात. पुस्तकी मराठीत न्वार मरतं. आणि स्क्रिप्ट झालं की मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते ते वाक्य तोडा.

बाईच्या पात्राबद्दल एक सांगायचंच आहे. जुन्या न्वारमध्ये ती सुंदर, धोकेबाज बाई असते जी नायकाला बुडवते. ती नक्कल करू नका. आपल्या गोष्टीतली आई बघा, ती काहीच मागत नाही, फक्त जिन्यात मधल्या पायरीवर बसून दम घेते, आणि तरी तो जे करतो ते तिच्यामुळे. किंवा अख्खी गोष्ट मुलीची करा, सही ती करते, निवेदन तिचं. मला तर ते जास्त बघायला आवडेल.

पाचवी पायरी: कशात सांगायची ते ठरवा

ऑडिओ, फोटोस्टोरी, छोटी फिल्म किंवा ट्वाइनवरची फांद्यांची गोष्ट (वाचणारा निवडेल तशी वाट बदलणारी), यातलं एकच घ्या. पहिल्यांदा करणाऱ्याला मी फोटो आणि आवाज असंच सांगते, म्हणजे बारापंधरा स्थिरचित्रं आणि त्यावर निवेदन, कारण त्यात नट लागत नाहीत, हललेला व्हिडिओ नाही आणि सगळं लक्ष गोष्टीवर राहतं.

ट्वाइनबद्दल थोडं जास्त, कारण ते फार कमी लोकांना माहितीय. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, ब्राउजरमध्ये चालतं, कोडिंग यायला लागत नाही, देवनागरी व्यवस्थित चालते. तुम्ही एक परिच्छेद लिहायचा, त्यातल्या शब्दांना दुहेरी चौकोनी कंस घातला की त्या नावाचा पुढचा परिच्छेद आपोआप तयार होतो आणि वाचणारा त्यावर क्लिक करून पुढे जातो. न्वारसाठी हे भारी का, तर वाचणाऱ्यालाच सही करायला लावता येते. “सही कर” आणि “पुस्तक परत कपाटात ठेव” असे दोन पर्याय द्या. ज्याने कपाटात ठेवलं त्याच्याकडे बिल्डरचा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ दे, तिसऱ्या दिवशी आई जिन्यात पडू दे, आणि पुन्हा तोच पर्याय समोर येऊ दे. एक तांत्रिक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा, ब्राउजरवरच्या ट्वाइनमध्ये तुमची गोष्ट त्या ब्राउजरच्या साठवणीतच राहते, कॉलेजच्या लॅबमध्ये कोणी हिस्टरी साफ केली की गेली, म्हणून रोज उठायच्या आधी फाइल काढून स्वतःला मेल करा.

सहावी पायरी: प्रकाश

इथे मला खूप बोलायचंय. न्वारचा प्रकाश महाग अजिबात नाही, उलट तो कमी दिव्यांचा खेळ आहे. एक दिवा, तो पण बाजूने, आणि बाकी अंधार. घरातली ट्यूबलाइट बंद करा, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च माणसाच्या चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर धरा, अर्धा चेहरा दिसला पाहिजे. हॉलिवूडमध्ये खिडकीच्या पट्ट्यांची सावली असते, आपल्याकडे त्याहून चांगलं काही आहे, खिडकीचं ग्रिल. मुंबईत प्रत्येक खिडकीला ग्रिल आहे आणि प्रत्येक ग्रिलची नक्षी वेगळी आहे. टॉर्च ग्रिलच्या बाहेरून मारा (तळमजला किंवा गॅलरी असेल तरच, खिडकीतून बाहेर लटकू नका), सावली समोरच्या भिंतीवर पडेल. टॉर्च ग्रिलपासून लांब नेला की सावलीची धार तीक्ष्ण होते, जवळ आणला की ती पसरते.

मोबाइलला अंधार दिसला की तो आपणहून सगळं उजळ करतो आणि तुमचं न्वार तिथेच संपतं. म्हणून स्क्रीनवर चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (म्हणजे फोटोतला उजेड) लॉक होतं, मग बोटाने खाली ओढा, सावल्या खरंच काळ्या होईपर्यंत. नाइट मोड बंद. व्हिडिओ करत असाल आणि प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायची सोय) असेल तर सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी जास्त होतात आणि शटर त्याच्याशी जुळलं नाही की व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. परदेशी ट्यूटोरियलमध्ये ३० फ्रेम्स आणि १/६० सांगतात ते त्यांच्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी, ते इथे जसंच्या तसं लावायचं नाही.

पावसाबद्दल. पाऊस समोरून प्रकाश टाकला तर दिसतच नाही, तो दिसतो दिवा त्याच्या मागे असला तर. म्हणून रस्त्याच्या दिव्याच्या दिशेने कॅमेरा धरा, किंवा समोरून येणाऱ्या बेस्टच्या हेडलाइटकडे, फुटपाथवर उभं राहूनच. जून ते सप्टेंबर मिळाला तर सोनं आहे, पण खरं म्हणजे पडणाऱ्या पावसापेक्षा पडून गेलेला पाऊस जास्त कामाचा, ओला रस्ता प्रत्येक दिव्याला दुप्पट करतो आणि मोबाइलही भिजत नाही.

रंग ठेवायचा की काळापांढरा हा प्रश्न सगळे विचारतात. रस्त्याच्या दिव्याचा रंग बघून ठरवा असं मी म्हणेन. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा शहरभर केवढा आरडाओरडा झाला होता, शेवटी पुन्हा पिवळसर प्रकाश आणावा लागला, इतका दिव्याच्या रंगाने शहराचा चेहरा बदलतो. पिवळा दिवा मिळाला तर रंग ठेवा, पिवळा आणि काळा एवढेच दोन रंग फ्रेममध्ये येतील असं बघा. निळसर पांढरा एलईडी असेल तर काळापांढरा करा. स्नॅपसीड या फोटो एडिटिंग ॲपमध्ये होतं, फुकट आहे, नुसता फिल्टर मारून थांबू नका, कॉन्ट्रास्ट वाढवा, सावल्या खाली आणा, आणि सगळ्या फोटोंना तीच सेटिंग लावा, नाहीतर प्रत्येक फोटो वेगळ्या माणसाने काढल्यासारखा वाटतो.

जागा कुठल्या? पहिली तुमचीच बिल्डिंग. जिना, मीटरची खोली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागची जागा, लेटरबॉक्सची रांग. चाळीत राहत असाल तर लांबच्या लांब गॅलरी आणि कठडा, यासारखी फ्रेम मिळणार नाही. बाहेर जायचं तर रविवारी बॅलार्ड इस्टेट, ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे आणि सगळ्या इमारती एकाच काळातल्या. फोर्टात डी. एन. रोडच्या कमानींखालचा फुटपाथ संध्याकाळी, जेव्हा प्रकाश तिरका आत येतो. स्कायवॉकवर रात्री खालच्या दिव्यांनी जाळीच्या सावल्या छतावर पडतात. तुमचं उपनगर असेल तर तुमचंच घ्या, मुलुंड, डोंबिवली, विरार, तिथलं न्वार अजून कोणी केलेलंच नाही!

रात्री एकट्याने जाऊ नका, मुलगा असो मुलगी असो. कोणाच्या चाळीत जाताय तर तिथे ओळखीचं कोणीतरी हवं आणि आधी विचारायचं, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसकट ते त्यांचं घर आहे. स्टेशनवर ट्रायपॉड आणि चार जणांची टीम घेऊन शूट करायला रेल्वेची परवानगी लागते. रुळांवर उतरायचं नाही म्हणजे नाही, जीव तर जातोच आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कुलाब्याला, लायन गेटच्या बाजूला नौदलाच्या जागांजवळ कॅमेरा काढू नका. पोलिसाचा युनिफॉर्म आणि खेळण्यातली बंदूक रस्त्यावर आणू नका.

सातवी पायरी: आवाज रेकॉर्ड करा

फोटो थोडे कच्चे असले तरी लोक चालवून घेतात, आवाज खराब असला की दहा सेकंदात बंद करतात. कपड्यांचं कपाट उघडा, त्यात तोंड करून बसा, डोक्यावर गोधडी घ्या, पंखा बंद, फ्रिज बंद (परत चालू करायची आठवण ठेवा). माइक तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ चा फटका बसत नाही. मुंबईत शांतता मिळायची वेळ म्हणजे शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आधी, साधारण दीड ते चार, घरच्यांना सांगून ठेवा.

बोलायच्या आधी दहा सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा. नंतर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो शांत तुकडा निवडायचा, नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन त्यावरून नॉइज प्रोफाइल घ्यायचं, मग अख्खा ट्रॅक निवडून लावायचं, मागची घरघर जाते. जास्त लावलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तेव्हा थोडंच. आवाजाचं टोक वजा तीन डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

संगीत? सॅक्सोफोन नको, विनंती आहे. आपल्या मुलाच्या गोष्टीत काय ऐकू येईल ते ऐका: शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, टीव्हीवरच्या मालिकेचं पुसट संगीत, पत्र्यावरचा पाऊस, लांबून जाणारी फास्ट ट्रेन, बिल्डरच्या माणसाने बाहेर चपला काढल्याचा आवाज. तो चपलांचा आवाज तीन वेळा वापरा, पहिल्यांदा निवेदनाबरोबर, दुसऱ्यांदा निवेदनाशिवाय. तिसऱ्यांदा तो आला की बघणाऱ्याला काही सांगावं लागत नाही.

आठवी पायरी: पुरावे बनवा

मला या सगळ्यातलं हे सगळ्यात आवडतं काम. निवेदक जे लपवतो ते कागद सांगतात. मेंटेनन्सची पावती, संमतीपत्राचा कोपरा, सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचे मेसेज, मिस्ड कॉलची यादी, हे सगळं स्वतः बनवायचं, छापून, थोडं चुरगळून, त्याच टॉर्चखाली फोटो काढायचा. आपल्या गोष्टीचा शेवट असाच करता येईल: आधी संमतीपत्राचा फोटो, अण्णांची सही, खाली तारीख २२ जून. मग ग्रुपवर उशिरा कोणीतरी टाकलेलं अण्णांच्या उत्तरकार्याचं पत्र, त्यात निधनाची तारीख ८ जून. मेलेल्या माणसाने दोन आठवड्यांनी सही केलीय. निवेदक त्यावर एक शब्दही बोलत नाही, आणि खाली ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी येत राहतात, त्यात त्याचाही.

हे बनवताना खऱ्या माणसाचं नाव, खरा फोन नंबर, खऱ्या सोसायटीचं किंवा बिल्डरचं नाव, बँकेचा लोगो काहीही वापरायचं नाही. आणि बनवलेला स्क्रीनशॉट गोष्टीच्या बाहेर कुठेही एकटा फॉरवर्ड करायचा नाही, तो संदर्भाशिवाय फिरला की लोक खरा समजतात. पहिल्या पाटीवर, म्हणजे सुरुवातीला स्क्रीनवर येणाऱ्या मजकुरात, काल्पनिक असल्याचं लिहून टाका.

नववी पायरी: जोडा

मोबाइलवर कुठलंही साधं एडिटिंग ॲप चालेल, कॉम्प्युटर असेल तर केडेनलाइव्ह किंवा दाविंची रिझॉल्वची फुकट आवृत्ती. आधी निवेदनाचा ट्रॅक टाका, मग त्यावर फोटो, उलट करू नका. फोटो निवेदनात जे बोललंय तेच दाखवत असेल तर तो काढा. तो “आई” म्हणतो तेव्हा आईचा चेहरा नको, रिकामी मधली पायरी दाखवा. झूम आणि फिरणारे इफेक्ट शक्यतो नकोतच, पाच सेकंद स्थिर फोटो बघायला लोक तयार असतात.

अक्षरांसाठी मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट घ्या, मुंबईच्याच ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, न्वारसाठी मला मुक्ताच बरा वाटतो. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते, म्हणून पाटी एकदा मोठी करून वाचा. फुटत असेल तर पाटी दुसरीकडे चित्र म्हणून बनवून आणा.

दहावी पायरी: हक्क बघा

दुसऱ्याचं संगीत किंवा आवाज घेतलात तर लायसन्स वाचा. फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवर प्रत्येक आवाजाखाली ते लिहिलेलं असतं: सीसी झिरो असेल तर मोकळं, बीवाय असेल तर नाव द्यायचं, एनसी असेल तर कमाईसाठी वापरायचं नाही. जुन्या सिनेमाचा तुकडा हवा असेल तर आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते गीतकार आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. म्हणजे १९५१ च्या सिनेमातलं एखादं मुकं दृश्य आणि त्यातलंच गाणं यांचा नियम सारखा नाही. पहिल्या प्रोजेक्टला सगळं स्वतःचंच वापरा, कटकटच नाही.

आणि मग दाखवा

सबमिट करायच्या आधी दोन माणसांना दाखवा, एक मित्र आणि एक घरातलं मोठं माणूस, शक्यतो सोसायटीच्या मीटिंगला जाणारं. त्यांना आवडलं का विचारू नका. विचारा की त्या मुलाने सही नेमकी कधी करायची ठरवली असं वाटतं. दोघांनी वेगवेगळे क्षण सांगितले तरी चालेल, पण दोघांना तो क्षण फोटोत किंवा आवाजात दाखवता आला पाहिजे. नाही आला तर एडिटमध्ये परत जा, बहुतेक वेळा तिथे दोन वाक्यं जास्त असतात. ती काढा, मूळ प्रोजेक्टची एक प्रत वेगळी ठेवा, एमपी४ काढा, फाइलच्या नावात तारीख टाका आणि पाठवून द्या.